मागल्या रांगेतील माणसे

गेल्या वैशाखात एके दिवशी भर दुपारी पन्नाशीची एक बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. सोबत तिचा मुलगा होता. ओळखदेख काही नव्हती. पाणी पिऊन झाल्यावर पदराने तोंड पुसत तिने विचारले, “काका, आमच्या गावच्या तलावाचं उद्घाटन झालं, तवा फोटू तुम्हीच काढलं हुतं न्हवं?”

गाव जत तालुक्यातले. तलाव म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात गावच्या माणसांनी दगड फोडून आणि माती वाहून उभा केलेला पाझर तलाव. १९७४ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि त्याची छायाचित्रे मी काढली होती हे खरे. तसे मी सांगताच ती पुढे सरकून बसली. म्हणाली, “माझा बा त्या दिशी हलगी वाजवत हुता. मी सा म्हैन्यांची असताना त्यो गेला. त्येचा फोटू कुठंच न्हाई. आत्ती म्हणायची, त्या दिशी सांगलीचा फोटूवाला आला हुता म्हणून.”

पुढे ती काही बोलली नाही. बोलण्यासारखे काही उरलेही नव्हते. मी तिला महिन्याभराने यायला सांगितले. मायलेक निघून गेल्यावर मी माळ्यावर चढायला हवे होते. पण मी खुर्चीतच बसून राहिलो. कारण त्या समारंभाचे जे छायाचित्र वर्तमानपत्रात आले होते, ते मला आजही तोंडपाठ आहे. पाहुणे नारळ फोडीत आहेत, शेजारी सरपंच हात जोडून उभे आहेत, मागे दोन अधिकारी आहेत. हलगी त्यात नाही. आणि मी ती कधी टिपली होती असेही मला आठवेना.

पन्नास वर्षे मी हा धंदा केला. कोणत्याही वर्तमानपत्राचा पगार घेतला नाही. जत्रा, उरूस, कुस्त्यांची मैदाने, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलने, मोर्चे, पूर आणि दुष्काळ यांची छायाचित्रे काढावी आणि घेईल त्या वर्तमानपत्राला द्यावी, असा हा स्वतंत्र म्हणवणारा आणि वस्तुतः सर्वांच्या दारी उभा राहणारा व्यवसाय. एवढ्या वर्षांत आपण कोणाची चित्रे काढली आणि कोणाची काढली नाहीत, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. त्या बाईने तो मांडायला लावला. आणि मांडू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ही खतावणी माझ्या एकट्याची नाही. ती पावणेदोनशे वर्षांची आहे.

२

छायाचित्रणाची कृती पॅरिस येथे १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, आमच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. मराठी रंगभूमीचा तो आरंभ म्हणून आपण मानतो आणि दरसाल त्या तिथीला रंगभूमीदिन साजरा करतो. परंतु त्या प्रयोगाचे छायाचित्र नाही. असणार तरी कसे? त्या काळची तबकडी लख्ख उन्हातसुद्धा माणसाला पुतळ्यासारखे बसवून ठेवी. दिव्याच्या उजेडात राक्षसांचा धुडगूस तिच्यावर उमटणे शक्यच नव्हते. एका गावाने एकत्र जमून केलेल्या एका मोठ्या गोष्टीची आठवण अशी केवळ शब्दांवर राहिली.

मुंबईत मात्र या विद्येने लवकर मूळ धरले. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तिच्यानंतरच्या. डॉक्टर भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी यांनी तर छायाचित्रकार म्हणूनच नाव मिळविले. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे आपली माणसे या विद्येत पहिल्यापासून होती. साहेबाने कॅमेरा धरला आणि आपण नुसते त्याच्यासमोर उभे राहिलो, असे समजण्याचे कारण नाही.

परंतु धरला कोणीही तरी ते यंत्र त्या काळी गर्दीकडे पाहू शकत नव्हते. ओल्या काचेची ती पद्धत. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन धुवायची. हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत आटोपावा लागे. बाहेरगावी जायचे तर अंधाऱ्या तंबूचे ओझे बरोबर. मिरवणुकीपुढे असा कॅमेरा लावला तर देवळे, घरे, दीपमाळा स्वच्छ येत आणि माणसे धुक्यासारखी विरून जात. जो स्थिर तोच दिसणार आणि जो चालला तो पुसला जाणार, हा त्या यंत्राचा धर्म होता.

मग माणसे दाखवायची कशी? विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड काढले. त्यात त्याने मोठी नामी युक्ती केली. माणसे बसविली स्टुडिओत, त्यांची चित्रे काढली, ती कापली आणि दुसरीकडे टिपलेल्या दृश्यांवर चिकटविली. पाहणाऱ्याला वाटावे, ही मंडळी तेथेच उभी होती. आजकाल संगणकावर होणाऱ्या लबाड्यांबद्दल आपण हळहळतो. परंतु माणूस एका ठिकाणचा आणि जागा दुसरीकडची, ही कला मुंबईत एकशेसाठ वर्षांपूर्वीच पोहोचली होती.

पुढे १८६८ ते १८७५ या वर्षांत सरकारी आश्रयाने हिंदुस्थानातील लोकांच्या चित्रांचे आठ खंड निघाले. ते चाळताना एक गोष्ट मनाला लागते. बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही. जातीचे किंवा जमातीचे आहे. समोर बसलेल्याला घर होते, बायकामुले होती, हाक मारण्याचे एक नाव होते. छायाचित्रकाराने ते विचारले असेल, कदाचित विचारलेही नसेल. पुस्तकात ते शिरले नाही एवढे खरे.

३

सुक्या काचा आल्या, आणि १८८० नंतर हे चित्र पालटले. काच तयार मिळू लागली, उघडझाप क्षणात होऊ लागली, तंबूचे ओझे गेले. तरीही समारंभाचे छायाचित्र म्हणजे बसविलेला समूह, ही समजूत काही गेली नाही. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. बहात्तर प्रतिनिधी होते. त्यांचे रांगा करून काढलेले छायाचित्र आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिले आहे. तेथे काय बोलणे झाले ते अहवालात आहे; पण जनतेच्या मनात ती सभा म्हणजे ते रांगा करून बसलेले लोक.

या रांगांचे एक शास्त्र आहे, आणि ते मी पुढे माझ्या गुरूंच्या हाताखाली शिकलो. मधली खुर्ची अध्यक्षांची. तिच्या उजव्या-डाव्या हाताला देणगीदार. नंतर चिटणीस, खजिनदार. खुर्च्या संपल्या की मागे उभे राहणारे, त्यांच्या मागे बाकावर चढलेले, आणि पुढे सतरंजीवर मांडी घातलेली पोरे. अगदी कडेला, अर्धा चौकटीत आणि अर्धा बाहेर, एक शिपाई उभा असतो. त्याला कोणी बोलाविलेले नसते आणि कोणी हाकललेलेही नसते. चित्राखाली नावे लिहिताना ‘खुर्चीवर डावीकडून उजवीकडे’ असा आरंभ होतो आणि मागच्या रांगेशी येईपर्यंत लिहिणाऱ्याचा हात दुखू लागतो. मग ‘आणि इतर’ असे लिहून तो मोकळा होतो. या ‘इतर’ मंडळींचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण त्यांची नावे त्याच वेळी गेलेली असतात.

१८९३ पासून पुण्यामुंबईत गणपतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि लोक रस्त्यावर आले. तीन वर्षांनी प्लेग आला, आणि कॅमेराही घराघरांत शिरला. पण तो सरकारबरोबर. घरझडत्या, चुना मारणे, स्टेशनावर उतारूंची तपासणी, रुग्णालयातील खाटांच्या ओळी यांची त्या काळची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ती काढविणाऱ्यांना आपल्या बंदोबस्ताची टापटीप दाखवायची होती. आज आपण ती पाहतो आणि आपली नजर बंदोबस्तावर ठरत नाही. दारात उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर ठरते. छायाचित्राचे हे एक बरे आहे. काढविणाऱ्याचा हेतू काहीही असो, चौकटीत जे सापडले ते सापडले. पुढच्या पिढीला ते वेगळ्या अंगाने वाचता येते.

त्याची उलट बाजू नारायण विनायक विरकर यांनी दाखविली. हे गिरगावातले छायाचित्रकार. १९१९ साली जालियनवाला बागेत हत्याकांड झाल्यानंतर ते अमृतसरला गेले आणि भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रे काढून आले. त्यांतल्या काहींत तेथील माणसे त्या खुणांपाशी उभी राहून बोट दाखवीत आहेत. घटना होऊन गेलेली, प्रेते उचललेली, बाग रिकामी. तरी साक्ष कशी उभी करावी हे या मराठी माणसाला उमगले होते. पुढल्याच वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य गेले. चौपाटीकडे निघालेल्या त्या अंत्ययात्रेच्या छायाचित्रांत पहिल्यांदा आपल्याला अशी गर्दी दिसते की, जिला कोणी रांगेत बसविलेले नाही. कॅमेऱ्याला वाकुल्या दाखवणारा तीत एकही चेहरा नसतो. सारे लोक एकाच दिशेला पाहत असतात.

४

चित्र काढणे हा निम्मा धंदा. ते छापणे हा उरलेला निम्मा. वर्तमानपत्रात चित्र छापायचे तर आधी ते लाकडावर कोरावे लागे. बारीक ठिपक्यांच्या जाळीतून धातूच्या पत्र्यावर चित्र उतरविण्याची हाफटोनची युक्ती निघाली तेव्हा ही अडचण सरली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते आणि लोणावळ्यास त्यांनी ठसे करण्याचा कारखाना काढला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तोही याच काळात. आज वाचकांच्या हाती असलेल्या या अंकाची वंशावळ तेथपर्यंत जाते.

परंतु मासिकांत येणारी चित्रे थोरामोठ्यांची. गावगाड्यातल्या घडामोडींना जागा मिळायला दैनिके वाढावी लागली. १ जानेवारी १९३२ रोजी डॉक्टर ना. भि. परुळेकर यांनी पुण्यास ‘सकाळ’ काढला आणि साध्या माणसाच्या गावची बातमी हीसुद्धा बातमी होय, ही दृष्टी मराठी वृत्तपत्रांत रुजू लागली. अशा बातम्यांबरोबर चित्रेही हवीशी वाटू लागली, आणि ती पुरविणारा, पगारावर नसलेला माणूस लागू लागला. आमची जात तेथे जन्माला आली.

या जातीतील सर्वांत मोठे नाव एका बाईचे आहे. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. पुढे दिल्लीत राहून त्यांनी स्वातंत्र्याच्या सोहळ्यापासून नेहरूंच्या अंत्ययात्रेपर्यंत सारे काही टिपले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांची पहिली प्रसिद्ध झालेली चित्रे कशाची होती? १९३८ साली मुंबईतील स्त्रियांच्या एका मंडळाची सहल गेली होती, तिची. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ती छापली आणि दर चित्रामागे एक रुपया दिला. आरंभीची त्यांची चित्रे पतीच्या, माणेकशा यांच्या, नावाने छापली जात. मला या हकिकतीत एक गोष्ट विशेष वाटते. सहलीला निघालेल्या बायका म्हणजे काही व्हाइसरॉय नव्हेत. त्यांच्याकडे टक लावून पाहण्याजोगे काही आहे, हे त्या तरुण मुलीला वाटले. व्हाइसरॉय पुढे आले.

उलटही कधी घडते. आमच्या भागात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. गावोगाव न्यायनिवाडे झाले, खर्चाला फाटा देऊन लग्ने लागली. या साऱ्याची छायाचित्रे माझ्या पाहण्यात नाहीत, आणि असू नयेत हेच त्या वेळी योग्य होते. भूमिगताचे चित्र पोलिसांच्या हाती पडणे म्हणजे हातात आयते वॉरंट देणे. तेव्हा छायाचित्र नसणे म्हणजे प्रत्येक वेळी उपेक्षाच असते असे नाही. कधी ती माणसांनी परस्परांची घेतलेली काळजी असते. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहितो आहे असे कोणी म्हणेल. पण जतच्या तलावावरील हलगीवाल्याच्या बाबतीत ही सबब लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे.

५

१९७२ साली मी वीस वर्षांचा होतो आणि सांगलीतील एका स्टुडिओत काचा पुसणे, हायपो ढवळणे, प्रिंटा वाळत घालणे अशी कामे करीत होतो. दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीच्या रांगा, छावण्यांतली जनावरे यांची चित्रे वर्तमानपत्रांना हवी होती. माझ्या गुरूंचे गुडघे दुखत, त्यांनी आपला जुना याशिका माझ्या गळ्यात अडकविला आणि ते म्हणाले, “बारा घरं आहेत रोळात. बारा वेळा विचार करून दाब.”

बारा घरांचे हे अर्थशास्त्र ध्यानी घेतल्याशिवाय त्या काळची छायाचित्रे समजणार नाहीत. ऑर्वोचा रोळ मिळायचा तर दुकानदाराची मनधरणी करावी लागे. एका समारंभाला एकच रोळ परवडे. त्यातली दोन चित्रे नारळ फोडण्याची, दोन फीत कापण्याची, दोन हारतुऱ्यांची, दोन भाषणाची, एक व्यासपीठाची, एक सभेची. झाली दहा. उरली दोन हाताशी ठेवायची. ऐन वेळी एखादा पुढारी उशिरा यायचा. संध्याकाळी रोळ धुऊन ओल्या निगेटिव्हवरून प्रिंट काढायची, पाकिटात घालायची आणि रात्रीच्या एस. टी.च्या कंडक्टरच्या हवाली करायची. पलीकडे कोणी उतरवून घेतली तर ठीक; नाहीतर ती पाकिटे पुण्याला जाऊन, दोन दिवस हिंडून परत येत.

चित्र कचेरीत पोहोचले तरी निभावले असे नव्हे. जस्ताचा ठसा चौरस इंचावर पैसे मोजून करून घ्यावा लागे; म्हणून संपादक मंडळी चित्राला कात्री लावीत. डावीकडची दोन माणसे गेली, उजवीकडचे झाड गेले, मागची गर्दी गेली. उरले पाहुणे आणि नारळ. एका वर्तमानपत्राने, नाव कशाला घेऊ, माझे मिरजेच्या उरुसाचे चित्र दोन वर्षे लागोपाठ छापले. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला बोलाविलेही नव्हते. जुना ठसा कपाटात होता, उरूस तोच होता, नवा ठसा कशाला करायचा? पैसे अर्थातच एकदाचे मिळाले. चित्राखाली माझे नाव दोन्ही वेळा नव्हते.

कायदा काय म्हणतो, हे मला पुष्कळ उशिरा समजले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक ते काढणारा. मात्र कोणी मोबदला देऊन सांगितले म्हणून काढले असेल, आणि वेगळा करार नसेल, तर मालकी सांगणाऱ्याची. स्वतःहून उरुसाला गेलो तर चित्र माझे. मंडळाने पैसे देऊन बोलाविले तर मंडळाचे. मुदत आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे. परंतु मंडळाच्या चिटणिसाशी करार कोण करणार? त्याने चहा पाजला आणि मानधनाचे पाकीट दिले, की करार झाला. पाकिटात पुष्कळदा नारळाइतकेही पैसे नसत. नारळ मात्र मिळे.

घर चालायचे ते लग्नांवर. मार्गशीर्ष ते ज्येष्ठ लग्ने काढावी आणि त्या पैशावर आषाढातली दिंडी टिपावी, असे माझे वर्षाचे गणित होते. तरी या धंद्याने मला पुष्कळ दिले. मिरजेस ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात, जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तेथील रात्रीच्या गाण्यात मी किती वेळा बसलो! कुस्तीच्या मैदानात हौद्याच्या कडेला पालथे पडून, माती डोळ्यांत जात असता, चीतपट होण्याचा तो एक पळ मी पकडला. आणि पकडला की हुकला, हे रात्री रसायनातून निगेटिव्ह वर काढीपर्यंत कळत नसे. ती धाकधूक आजच्या पोरांना नाही. ते काढतात आणि लगेच पाहतात. मी त्यांचा हेवाही करतो आणि कीवही करीत नाही. कारण त्यांच्या हजार चित्रांत एखादे हलगीवाल्याचे असतेच. आमच्या बारांत ते नसे.

६

जपणूक हा या इतिहासातला सर्वांत उदास भाग. जुन्या स्टुडिओंतील काचेच्या निगेटिव्हांचे काय झाले म्हणून मी चौकशी केली आहे. गरम पाण्यात घालून लेप खरवडला की स्वच्छ काच निघते. ती तसबिरींना, कपाटांना, खिडकीच्या तावदानांना चालते. माझ्या गुरूंनी आपल्या गुरूंच्या काचा अशाच विकलेल्या पाहिल्या होत्या. फिल्मही चांदीसाठी रद्दीवाल्याला गेल्या. एखाद्या वाड्याच्या तावदानातून जे ऊन आत येते, ते कधी काळी कोणाच्या मुंजीच्या, कोणाच्या सभेच्या चित्रातून येत होते, हे घरवाल्यांच्या गावीही नसते.

उरलेले पाण्याने नेले. मी राहतो गावभागात. २००५ च्या पुरानंतर शहाणा होऊन मी निगेटिव्हच्या पेट्या कमरेच्या उंचीवर ठेवल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि कमरेची उंची ती काय! पाणी ओसरल्यावर घरात आलो तेव्हा १९७५ ते १९९० च्या पेट्यांत नुसता चिखल होता. फिल्म एकमेकींना चिकटल्या होत्या, लेप सुटून आला होता, बोट लावले की शाईसारखा पुसला जाई. पंधरा वर्षांच्या जत्रा, उरूस आणि दिंड्या मी घमेल्याने बाहेर टाकल्या. आधीच्या तीन वर्षांची पेटी, जागा नव्हती म्हणून माळ्यावर टाकलेली, तेवढी वाचली. जपून ठेवलेले गेले आणि अडगळ म्हणून टाकलेले राहिले.

१९७४ साल त्या पेटीत होते.

७

तीन दिवसांनी मला तो रोळ सापडला. बरोबर माझी वहीही होती. माझे गुरू शिस्तीचे. प्रत्येक घराची नोंद करावी लागे. मी भिंगाखाली एकेक घर पाहत गेलो. नारळ. नारळ. फीत. हार. व्यासपीठ. वहीत पाहुण्यांचे नाव हुद्द्यासह, सरपंचांचे नाव, दोघा अधिकाऱ्यांची नावे, सुवासिनींपैकी पाटलीणबाईंचे नाव. अकरा घरे संपली तरी हलगी नाही.

बारावे घर मात्र वेगळे होते. समारंभ संपला होता, उशिरा येणारा पुढारी आलाच नव्हता, आणि रोळ संपविल्याशिवाय धुता येत नाही म्हणून जे समोर दिसले ते मी टिपले असावे. बाभळीखाली चार माणसे बसली आहेत. हलग्या खोडाला टेकवून ठेवल्या आहेत. मंडपातले जेवण चालू असताना ही चौघे बाहेर होती, कारण वाजंत्र्यांना त्या वेळी मंडपात पान नसे. एकाच्या हातात जर्मनचा पेला आहे. एक जण काही तरी सांगतो आहे आणि दुसरा तोंडावर हात ठेवून हसतो आहे. चौथ्याने कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले आहे. प्रकाश तिरपा आहे. खोटे कशाला बोलू, माझ्या साऱ्या आयुष्यात काढलेल्या चांगल्या चित्रांपैकी ते एक आहे, आणि पन्नास वर्षांत मी त्याची प्रिंट काढली नव्हती.

वहीत बाराव्या घरापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘हलगीवाले, ४.’

ज्यांनी माणसांच्या जागी जातींची नावे लिहिली, त्या आठ खंडांच्या कर्त्यांना मी आयुष्यभर नावे ठेवीत आलो आहे. त्यांना निदान हे सांगता आले असते की, आम्ही परके होतो. मी तर त्यांच्याच भाषेत बोलणारा, पन्नास मैलांवरचा माणूस. चार नावे विचारायला मला चार मिनिटे लागली नसती.

महिन्याने ती बाई आली तेव्हा मी चित्र मोठे करून ठेवले होते. तिने ते दोन्ही हातांनी धरले आणि पुष्कळ वेळ पाहिले. मग माझ्याकडे पाहून विचारले, “ह्यातला माझा बा कुठला, काका?”

मी तिला वही दाखविली नाही. मला ठाऊक नाही, एवढेच म्हणालो. तिची आत्या दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलाने चित्र गावी नेऊन एका म्हाताऱ्याला दाखविले. त्याने पेलावाला ओळखला आणि बोलत असलेला ओळखला. ते दोघे दुसऱ्या घरचे. राहिले दोन, हसणारा आणि समोर पाहणारा. म्हाताऱ्याची नजर अधू झालेली. त्याला त्यापुढे काही सांगता येईना.

श्रावणात मुलाचा फोन आला. चित्राला चौकट केली आहे, भिंतीवर लावले आहे, म्हणाला. मी चाचरतच विचारले, “मग आई हार कोणाच्या बाजूला घालते?”

“चौघांस्नी मिळून एकच घालती की,” तो म्हणाला. “सगळीच आपली म्हणती.”

मध्यंतरी मी मुलाला फोन करून त्या म्हाताऱ्याने ओळखलेल्या दोघांची नावे विचारून घेतली, आणि त्या बाईच्या वडिलांचेही नाव. जुन्या वहीत बाराव्या घरापुढे थोडी जागा कोरी होती. तिथे मी ती तीन नावे लिहिली आहेत. चौथे नाव अजून मिळालेले नाही. गावात आणखी दोन वृद्ध आहेत असे कळते. दिवाळी झाली की जाऊन येणार आहे.